उष्टी पत्ती

"हाई पत्ती शे का दात कोरानी काडी शे?"

भिलानं क्लॅरोनेटवरची पत्ती उपसली, दोन बोटांत धरून कटकन मोडली आणि तुकडे बायकोच्या, बेबीबाईच्या अंगावर फेकले. बेबीबाई उंबऱ्याशी बसून पुढची पत्ती पारिजातकाच्या खरखरीत पानावर घासत होती. तिनं तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि घासणं चालू ठेवलं.

"बोरू कच्चा, म्हनीसन पत्ती कच्ची," तो म्हणाला. "आवाज निंघतच नही."

"दुसरी देस."

"दुसरी बी तशीच ऱ्हाई. तुन्हा हातले काय व्हयनं शे, देव जाने."

हाताला काहीएक झालेलं नव्हतं. झालं होतं ते भिलाच्या तोंडाला. माघात ब्राह्मणपुरीचं लग्न वाजवून बँडवाले उघड्या टेम्पोतून कळसाडीला परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना भिलाच्या डाव्या ओठातून पाणी आपोआप गळून शर्टावर पडलं. तोंडावरून वारं गेलं होतं. शेजारच्या दिवलीबाईनं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते चोळून झालं. कुणी जायफळ उगाळून लावायला सांगितलं, तेही झालं. ही सगळी रंगरंगोटी आटोपून शहाद्याच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला आणि इतके दिवस कुठे होता म्हणून विचारलं. औषधानं बोलणं बरंचसं सुधारलं, डावा डोळाही जवळजवळ मिटू लागला, पण ओठाचा तो कोपरा लोंबता राहिला तो राहिलाच. भिलानं भिंतीवरचा आरसा उतरवून माळ्यावर टाकला. दाढीला तो न्हाव्याकडे जाऊ लागला, तिथेही आरशाकडे पाठ करून बसायचा. आणि एके दिवशी तोंड आता बरं झालंय, असं त्यानं स्वतःच जाहीर करून टाकलं.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या पत्त्या कच्च्या निघायला लागल्या.

भिला हा जगदीशच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला. बँड जगदीशचा, टोप्या जगदीशच्या, टेम्पो जगदीशच्या मेहुण्याचा, पण लोक सुपारी द्यायला यायचे ते 'भिला मास्तर येईल ना?' असं आधी विचारून. क्लॅरोनेट ओठाला लावून तो डोळे अर्धवट मिटायचा आणि वरचा सूर असा लांबवर ओढत न्यायचा की नाचणारी पोरंसुद्धा घटकाभर पाय आवरायची. पुढे डीजे आला. वरातीत क्लॅरोनेट ऐकायला कुणाला कान उरले नाहीत. तरी भिलाचा तोरा कमी झाला नव्हता, कारण डीजे लावून मढं नेता येत नाही. वयानं पिकून गेलेलं माणूस असलं की अजूनही लोकांना वाजत-गाजत नेणारा बँडच लागायचा, आणि तिथे भिलाशिवाय पान हलत नसे.

आता क्लॅरोनेटचा सगळा डौल असतो तो एका बोटभर पत्तीवर. नळीच्या तोंडाशी ती पितळी चापानं आवळून बसवायची, खालचा ओठ तिच्याखाली धरायचा आणि फुंकायचं. ती थरथरली तर सूर, नाहीतर नुसती फुसफुस. दुकानातली पत्ती भिलाच्या हाती दोन-चार लग्नांत मरायची. मरणारच. हा गडी बुंदी खाऊन, वर गोडमिट्ट चहा पिऊन तशाच तोंडानं वाजवायला उभा राहायचा, आणि वाजवून झालं की ओल्या पत्तीसकट क्लॅरोनेट पेटीत कोंबायचा. पुढच्या लग्नाला पेटी उघडावी तर पत्ती बुरशीनं काळी पडलेली आणि टोकाला वाकलेली. मग त्याला राग यायचा, आणि तो राग तो जपून घरी आणायचा.

नवी नवरी होती तेव्हा बेबीबाईनं अशी एक मेलेली पत्ती उलटसुलट करून पाहिली आणि तिला तिच्यात माहेरचा बोरू ओळखू आला. तिचं माहेर तापीकाठचं. तिथे पाण्याच्या कडेनं बोरूची ही दाट बेटं. लहानपणी त्यातच लपून खेळलेलं. पुढच्या थंडीत माहेरी गेली ती येताना बोरूची मोळी घेऊन आली. पहिल्या पत्त्या नुसत्या लाकडाच्या सालपटासारख्या झाल्या. पण बाई चिवट. हळूहळू तिला कळत गेलं की बोरू पानं पिवळी पडल्यावरच तोडायचा, वर्षभर सावलीत उभा वाळवायचा, त्याच्यावर तपकिरी ठिपके आले की मग कापायचा. पाठ दगडावर घासून सपाट करायची, पुढचा भाग काचेच्या तुकड्यानं तासत तासत नखासारखा पातळ करायचा आणि शेवटचा हात पारिजातकाच्या पानाचा.

पत्ती करणं एक, ती जगवणं दुसरं. नवी पत्ती पहिल्याच दिवशी वरातीला न्यायची नाही, थोडी वाजवून निजवायची. वाजवण्याआधी वाटीत पाणी घेऊन भिजवायची, वाजवून झाल्यावर अंगठ्यानं पुसून सपाट काचेवर ठेवायची, म्हणजे वाकत नाही. टोक मऊ पडलं की कणभर कापायचं. बेबीबाईकडे आरशाचा एक हातभर तुकडा होता, त्याच्यावर पत्त्या ओळीनं मांडून त्यावरून रबर लावलेलं असायचं, आणि तो तुकडा उन्हाळ्यात माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवलेला. भिलाच्या क्लॅरोनेटवरची पत्ती ती दर लग्नानंतर गुपचूप बदलायची. आज वाजलेली माठापाशी निजायची, निजलेली कामाला लागायची. भिलाला वाटायचं एकच पत्ती अख्खा हंगाम चालते.

"मन्हा दमनी कमाल शे," तो बँडवाल्यांना सांगायचा. "बाकीना पत्तीवर नुसता थुकतस."

तिनं कधी त्याचा हा भ्रम मोडला नाही. मोडून काय मिळणार होतं?

पण अगदी सुरुवातीला एक गोष्ट झाली होती. पहिली जमलेली पत्ती तिनं हौसेनं माउथपीसला लावली आणि चुलीपाशी बसून फुंकली. बदकासारखा आवाज निघाला. तिला इतकं हसू आलं की दारात उभा असलेला नवरा तिला दिसलाच नाही.

"बाईमानूसनं उष्टं मी तोंडमा धरू?" भिलानं माउथपीस तिच्या तोंडातून खेचला. खेचला म्हणजे असा की पितळी चापानं तिचा खालचा ओठ फाटला. पत्ती त्यानं मोरीत टाकली आणि स्वतःच तीन-तीनदा चुळा भरल्या, जसं काही उष्टं त्याच्याच तोंडात गेलं होतं. "पत्ती बनाड, पन तोंडले लावशी तर हात तोडसु."

बायकोनं नवऱ्याच्या ताटात त्याचं उष्टं खायचं, ह्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. उलटं झालं तर मात्र धर्म बुडत होता.

बेबीबाईनं मान हलवली, आणि ओठ भरून आल्यावर पुन्हा फुंकायला लागली. घरात नाही, गोठ्यात. भिलानं टाकून दिलेला तडा गेलेला माउथपीस तिनं गव्हाणीत कडब्याखाली लपवला होता. नजरेनं पत्ती निम्मीच कळते, उरलेली निम्मी ओठालाच कळते, हे तिला ठाऊक होतं. फाटून जुळलेल्या ओठाच्या वणावर पत्ती टेकली की ती कुठे जाड आहे, कुठे उतरली आहे, ते तिला तासताना कळायचं त्याहून नीट कळायचं. मग नीट धुवायची, पुसायची, आरशावर ठेवायची. एकदा दिवलीबाईनं कुंपणावरून विचारलं होतं, "तुन्हा गोठामा बदक शे का वं?" बेबीबाई म्हणाली, "शे एक. अंडं देत नही."

अशी सगळी वर्षं गेली. तिच्या तोंडात गेल्याशिवाय एकही पत्ती त्याच्या तोंडात गेली नाही. म्हणून तर आत्ता मोडून फेकलेली ती पत्ती कच्ची नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. सकाळीच वाजवून पाहिली होती.

आणि हे ती बोलू शकत नव्हती. बोलली तर पत्ती कशी पारखली ते सांगावं लागलं असतं. आणि पत्ती चांगली असेल तर वाईट काय आहे, हेही सांगावं लागलं असतं.

चैत्र लागताच शहाद्याहून कापडवाल्या पन्नालाल शेठचा मुलगा अभिनंदन मोटारसायकलवर आला. त्याची आजी भूरीबाई पहाटे गेली होती. नव्वदीच्या पुढची म्हातारी, पणतू पाहिलेली, मुलानातवंडांनी भरलेल्या घरातून गेलेली. मारवाड्यांत अशा माणसाची बैकुंठी निघते. मढं आडवं नेत नाहीत, सोनेरी कागदानं सजवलेल्या पालखीत बसवून, गुलाल उधळत, बँड लावून नेतात. आणि ह्या भूरीबाईनं घरातल्या प्रत्येक लग्नात भिलाला समोर बोलावून बजावलं होतं, "भिला, म्हारी बैकुंठी में थूं ई बजाजे."

भिला दर वेळी म्हणायचा, "मायजी, तुम्ही जाशात तव्हय मी ऱ्हासु का?"

"दादी हमेशा बोलायची," अभिनंदन गाडीवर बसूनच म्हणाला. "म्हणून तुमालाच सांगाले उनू, भिलाभाऊ. उद्या सकाळी. जगदीशला बी सांगितलंय."

भिला खाटेवरून उठला. माघापासून जगदीशनं त्याला एकाही कामाला नेलं नव्हतं. 'आराम करा मास्तर' असं म्हणून त्यानं क्लॅरोनेटच्या जागी पेटीवाला बसवला होता, विजेच्या पेटीवर सनईही वाजते आणि क्लॅरोनेटही. ही बैकुंठी वाजली तर भिला पुन्हा बँडमध्ये होता. नाही वाजली तर कायमचा घरी. हे त्याला कळत होतं, बेबीबाईला कळत होतं आणि संध्याकाळी आलेल्या जगदीशलाही कळत होतं.

"मास्तर, जमी ना?" जगदीशनं अंगणातूनच विचारलं. त्याची नजर भिलाच्या ओठावर गेली आणि घाईनं क्लॅरोनेटवर सरकली.

"तोंड बेस शे. पत्तीना घोटाया शे," भिला म्हणाला. "ए, सकाय तू संगे चाल. बठ्ठ्या पत्त्या ली ले. एक खराब निंघनी तर लगेच दुसरी देवानी."

बेबीबाईनं चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला बँडसोबत वाजवताना लांबूनच पाहिलं होतं. तिला तो पहिल्यांदाच सोबत नेत होता, आणि का नेत होता हे तिला नीट समजलं. पडलाच तर अंगावर पडायला कुणीतरी हवं होतं.

सकाळी शहाद्याच्या बाजारपेठेत ऊन आत्ताच चटके देत होतं. भूरीबाई बैकुंठीत ताठ बसली होती, मानेला मागून आधार, अंगावर नवी चुनडी, कपाळावर गुलाल. बँडवाले पुढे दोन रांगांत. भिलानं जरीच्या पट्ट्यांचा लाल कोट चढवला होता. बेबीबाई रस्त्याच्या कडेनं, दुकानांच्या पायऱ्यांजवळून चालत होती. एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेला पत्त्यांचा आरसा.

घरापासून निघताना ताशांचा आणि ट्रम्पेटचा गलका होता, त्यात क्लॅरोनेट काय करतंय ते कुणाला कळत नव्हतं. पण बाजारात पन्नालाल शेठच्या कापड दुकानासमोर बैकुंठी थांबली. म्हातारीनं जिथे बसून आयुष्य काढलं ती गादी तिला अखेरची दाखवायची होती. ताशे बंद झाले. इथे एकट्या क्लॅरोनेटनं भजन वाजवायचं, हे ठरलेलं.

भिलानं ओठाला लावलं. खालचे सूर कसेबसे निघाले, थोडे घोगरे, पण निघाले. बेबीबाईच्या जिवात जीव आला. मग भजन वर चढलं. वरच्या सुराला दम एकवटून द्यावा लागतो, तो दम भिलाच्या डाव्या ओठातून फुस्सकन बाहेर पडला. त्याच्यामागोमाग एक किंकाळीसारखा आवाज. लाळेची तार हनुवटीवरून जरीच्या पट्टीवर उतरली. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. एकानं मोबाइल वर धरला.

"पत्ती!" भिला ओरडला.

तिनं दिली. त्यानं पहिली उपसून रस्त्यावर टाकली, दुसरी लावली, पुन्हा तेच. दुसरी टाकली. तिसरी मागितली. वर्षभर वाळवून, तासून, ओठाला लावून पारखलेल्या पत्त्या एकामागून एक डांबरावर पडत होत्या. खांदेकऱ्यांच्या खांद्यांना रग लागली होती, ते पाय बदलत होते आणि पत्त्या त्यांच्या पायांखाली कुरकुरत होत्या. बेबीबाईला तो प्रत्येक आवाज ऐकू येत होता.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," जगदीश जवळ येऊन पुटपुटला.

पन्नालाल शेठ बैकुंठीपाशी हात जोडून उभा होता. त्यानं मान फिरवून पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, कीव होती. भिलाला राग चालला असता. त्यानं वळून सगळ्यांदेखत बेबीबाईच्या कानशिलात भडकावली. गडू खाली पडून घरंगळत गेला.

"हिनी! हिनी मन्ही वाट लाई! सांग बठ्ठासले, कच्च्या शेत का नहीत पत्त्या?"

रस्ता थांबलेला होता. खांद्यावर म्हातारी थांबलेली होती. बेबीबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. माघापासून ती त्याच्या ओठाकडे बघायचं टाळत आली होती, आज नीट पाहिलं. अर्धा चेहरा संतापानं फुललेला होता आणि अर्ध्याला काही घेणंदेणं नव्हतं. तिला त्याची भयंकर दया आली.

"शेत," ती म्हणाली. "कच्च्या शेत. मन्हं चुकनं."

जगदीशनं हात केला. हातगाडीवरच्या कर्ण्यातून विजेच्या पेटीची सनई सुरू झाली, स्वच्छ, एकसारखी. गुलाल उडाला आणि बैकुंठी पुढे गेली. भिला तिथेच रस्त्याच्या मधोमध क्लॅरोनेट धरून उभा राहिला, मागच्या लोकांना त्याला वळसा घालून जावं लागलं.

एकदा म्हटलं की मिटेल, असं बेबीबाईला वाटलं होतं. तिथे ती चुकली. दोष पत्तीचा ठरल्यावर भिलाच्या अंगात नवं बळ आलं. तो फाट्यावर चहाच्या टपरीवर बसून सांगू लागला, की बायकोनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, पन्नालाल शेठसमोर. ऐकणारे ऐकायचे. तळोद्याचे, धडगावकडचे क्लॅरोनेटवाले आजवर बेबीबाईच्याच पत्त्या न्यायचे. ते आधी कमी झाले, मग यायचेच थांबले. एकानं तर नेलेल्या पत्त्या कुणाच्या तरी हाती परत पाठवल्या, न वापरता. तिनं त्या आरशावर मांडून ठेवल्या. त्या मोडीत काढलेल्या पत्त्यांकडे बघत ती जेवायची, आणि समोर नवरा तिखटमिठाला नावं ठेवत बसलेला असायचा. आयुष्यात तिनं एकच गोष्ट स्वतःची म्हणून केली होती, आणि तीच तिनं स्वतःच्या जिभेनं बुडवली होती. ह्याबद्दल त्यानं तिला एका शब्दानं विचारलं नाही. त्याला ते कळलंही नव्हतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गावात निंबांना झोके बांधले गेले, सासुरवाशिणी माहेरी आल्या. लग्नांची गर्दी होती, आणि जगदीश एका दुपारी प्लास्टिकच्या डबीतली विकतची पत्ती घेऊन आला. मनानं तो वाईट नव्हता.

"मास्तर, हाई लाईसन देखा. जमनं तर परवाना लगीनले चाला."

भिलानं बेबीबाईकडे तुच्छतेनं बघत ती पत्ती बसवली. फुंकली. फुस्स. पुन्हा फुंकली. लाळ गळली. कुंपणापलीकडे झोक्यावर बसलेल्या दिवलीबाईनं झोका थांबवला.

जगदीश बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आसं करू मास्तर. तुम्ही आते झांज धरा. मी तुमले सोडाव नही."

झांज. बँडमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात देतात ती. जगदीश गेल्यावर भिला उठला, गोठ्यात गेला आणि सावलीत उभ्या करून ठेवलेल्या बोरूच्या मोळ्या अंगणात ओढून आणू लागला. ह्या थंडीत तोडलेल्या हिरवट मोळ्या, गेल्या थंडीतल्या ठिपके पडलेल्या, अगदी तयार.

"काय करी ऱ्हायनात?" बेबीबाई धावत बाहेर आली.

"हाई घरमाच पनवती शे. तुन्हा हातनी. दुकाननी पत्ती बी ह्या घरमा ईसन मरनी."

"त्या वाळेल शेत वं माय! दोन वरीसनी मेहनत शे मन्ही!"

त्यानं काडी ओढली. वाळलेला बोरू पेटायला काय वेळ. पेरापेरांतून फटाफट आवाज येत होते. दिवलीबाई कुंपणाशी येऊन 'अरे, अरे' करत राहिली. बेबीबाई पुढे झाली तेव्हा त्यानं तिला दंडाला धरून मागे ढकललं, आणि मग समाधानानं खाटेवर जाऊन बसला. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता, निदान अर्धा.

जाळ खाली बसेपर्यंत ती उभी होती. मग घरात गेली. माठाच्या बुडाशी ठेवलेला आरसा घेऊन आली, आणि वाटीत पाणी. परत आलेल्या पत्त्यांतली एक तिनं वाटीत टाकली, आणि भिजायला लागतो तेवढा वेळ शांत बसून राहिली. तेवढ्यात तिनं ओरडून घेतलं असतं, रडून घेतलं असतं तर भिला सुटला असता.

भिलाचं क्लॅरोनेट खाटेवर त्याच्याजवळच पडलं होतं. तिनं ते उचललं. विकतची पत्ती काढून नीट डबीत ठेवली, आपली लावली, चाप आवळला.

"काय करी ऱ्हायनी तू? ठी दे ते."

तिनं ओठ माउथपीसला लावला, त्या जुन्या वणावर पत्ती टेकली, आणि फुंकलं. एकाही भोकावर बोट नव्हतं. बोटं न लावता क्लॅरोनेटचा जो मोकळा सूर निघतो तो निघाला, सरळ, भरलेला, कुठेही न कापणारा. अंगणातून रस्त्यावर गेला. झोके घेणाऱ्या पोरींनी पाय टेकले. दम संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

"कच्ची शे का?" तिनं विचारलं.

भिलाच्या डोळ्यांत आधी समजच आली नाही. मग आली. "तू... तोंडमा..."

"पहिलीपाईन. मन्हा तोंडमा गयाबिगर एकबी पत्ती तुमना तोंडमा गयी नही. गोठामा बसीसन एक-एक पारखी मी. ज्या सूरवर तुम्ही मिशीले पीळ देवाडा ना, तो आधी तठे वाजेल शे. जनमभर मन्हं उष्टं चघयं तुम्ही."

कुंपणापलीकडून दिवलीबाईच्या तोंडून नकळत हसण्याचा एक आवाज निघाला, आणि तिनं पदर तोंडावर दाबला.

"त्या दिन भरबाजारमा मी खोटं बोलनी," बेबीबाई म्हणाली. "तुम्हनी लाज राखाकरता. तुम्ही मन्हा बोरू चेटाडी दिधा."

एवढ्यावर ती थांबू शकली असती. पण तिनं आरशावरच्या उरलेल्या पत्त्या एकेक करून पदरात घेतल्या, काच पदराच्या टोकानं पुसली आणि त्याच्या तोंडासमोर धरली.

"देखा. कच्चं काय शे ते देखा."

त्यानं मान उजवीकडे फिरवली. तिनं आरसाही तिकडे नेला. त्यानं डावीकडे फिरवली, आरसा डावीकडे आला. त्यानं हात उचलला, पण आरशावर मारायची त्याला भीती वाटली असावी, हात तसाच खाली आला. मग त्यानं डोळे घट्ट मिटले. डावा काही नीट मिटत नव्हता. त्या फटीतून त्याला जे दिसायचं ते दिसतच राहिलं, आणि तिनं आरसा धरून ठेवला. हे क्रूर होतं. बेबीबाईला ते कळत होतं, आणि वर्षानुवर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, हेही कळत होतं.

दिवलीबाईच्या पोटात काही राहत नाही. महिन्याभरात गोष्ट साऱ्या बँडवाल्यांत झाली, आणि भिला मास्तर हे नाव निघालं की लोक हसायचं दाबू लागले. त्या थंडीत बेबीबाई पुन्हा नदीवर गेली, पानं पिवळी पडलेला बोरू तोडून आणला आणि गोठ्यात उभा केला. तो वाळायला वर्ष जावं लागलं, ते गेलं. आता जगदीश बँडमधल्या नव्या क्लॅरोनेटवाल्यासाठी पत्त्या तिच्याकडूनच नेतो. धडगावचे वाजवणारे जीपनं उतरून घर विचारत येतात आणि म्हणतात, "वहिनी, तोंडले लाईसनच देजा." त्यांना उष्ट्याचं काही वाटत नाही. ते नेऊन धुतात आणि वाजवतात.

भिला अंगणात खाटेवर असतो. ती त्याला वेळच्या वेळी जेवायला देते, भाकरी दुधात मऊ करून देते, हनुवटीवरून ओघळलेलं पुसून घेते, आणि त्याच्याशी कामापुरतंच बोलते. झांज वाजवायला तो गेला नाही. क्लॅरोनेट तिच्याकडेच असतं, पारखायला लागतं म्हणून.

गोठ्यात जायची आता तिला गरज नाही. उंबऱ्यावर बसून, सगळ्यांदेखत, ती एकेक पत्ती ओठाला लावते आणि फुंकते. सूर निघतो. प्रत्येक सुराला खाटेवरचा भिला दचकतो, आणि त्याच्या तोंडाची उजवी बाजू तेवढी हलते.